दोघांच्या मधले चेंडू

७ मे

नोव्हेंबरपासून इथे एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल माफी. कोणाची मागतोय ते स्पष्ट नाही. वहीला राग येत नाही आणि दुसरं कोणी ही वाचत नाही. तरी इतकी वर्षं न चुकता लिहून मग एकदम गप्प बसायचं, हे बरं दिसत नाही. कारण एवढंच की खुर्च्यांच्या कारखान्यातलं माझं खातं बंद झालं आणि रोज ‘आज काही नाही’ असं लिहायचा कंटाळा आला.

त्या खात्यात माझं काम होतं परत आलेल्या खुर्च्या का मोडल्या ते आकड्यांवरून शोधायचं. बहुतेक वेळा उत्तर असायचं, माणूस मागे रेलला. आता नवं काम मिळालं आहे. आमच्या ओव्हरडाइकच्या बेसबॉल संघाने, म्हणजे हेरन्सने, मला या मोसमापुरतं घेतलंय. क्षेत्ररक्षणाची आकडेवारी. कोणाच्या हातून किती चेंडू सुटले हे शेंबडं पोरही सांगेल. मी सांगायचं ते असं, की ज्या चेंडूपर्यंत कोणी पोचलंच नाही, त्याच्यापर्यंत कोणी पोचायला हवं होतं.

माझी बायको ट्रूडी म्हणाली, "पंचेचाळिसाव्या वर्षी खेळात शिरलास. तुझी आई असती तर तिने प्रार्थना केली असती."

"मला यश यावं म्हणून?"

"नाही."

घरात पाहुणा आलाय. एवढ्याशा संघाला खेळाडूंच्या राहण्याची सोय परवडत नाही, म्हणून गावातली घरं एकेकाला ठेवून घेतात. आमच्या तळघरातल्या खोलीत गिल्मार सिसिलिया आहे. कुरासाओ या डच बेटावरचा, एकतीस वर्षांचा, डावीकडच्या मैदानात उभा राहणारा. आमच्या डच वंशाच्या गावात पवनचक्की आहे, ट्यूलिपचा उत्सव आहे, लाकडी बूट घालून नाचणारे नगरसेवक आहेत. पण डच भाषा येणारा माणूस आता हा एकटाच. चर्चमधल्या म्हाताऱ्यांनी पहिल्याच रविवारी त्याला गराडा घातला. एकीला तो काय म्हणाला ते कळलं नाही, पण ती रडली.

१० मे

दुपारी जेवताना एक नियम जाहीर केला. ज्याचे गुणदोष मी मोजणार, तोच माझ्या टेबलावर जेवतो, हे बरोबर नाही. त्याची खोली बदलता येत नाही, कारण ट्रूडीने पडदे शिवलेत. म्हणून घरात चेंडूचा विषय काढायचा नाही. त्याने नाही, मीही नाही. घरात तो गिल, कागदावर सिसिलिया.

"ठीक आहे, मिस्टर लॉरेन," गिल म्हणाला. "मग जेवताना बोलायचं कशावर?"

"दातांवर," ट्रूडी म्हणाली. ती दातांच्या दवाखान्यात काम करते.

दातांवर बोललो.

१९ मे

पद्धत ठरली. मागच्या मैदानात तिघं असतात, फलंदाजाच्या नजरेने: डावीकडचा, मधला आणि उजवीकडचा. (त्यांची तोंडं फलंदाजाकडे, म्हणून डावीकडचा हा मधल्याच्या उजव्या हाताला येतो.) त्या मैदानाचे मी चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनात उडालेला चेंडू आमच्या लीगमध्ये एरवी कितपत पकडला जातो, ते गेल्या मोसमाच्या चित्रफिती बघून काढलं. अवघड चेंडू पकडला तर त्या माणसाच्या खात्यात जमा, सोपा पडू दिला तर वजा. बेरजेवरून म्हणता येतं की याने इतक्या धावा वाचवल्या किंवा घालवल्या. साधं आहे. डोळ्यांना जो माणूस छान दिसतो तो नुसता उशिरा निघून लांब झेपावत असतो, हे यातून उघड होतं. झेप प्रेक्षकांना आवडते. पद्धतीला झेप दिसतच नाही, आणि हेच मला तिच्यात आवडतं.

एकच प्रश्न छळत होता. दोघांच्या मधे उडालेला चेंडू, जो दोघांपैकी कोणीही पकडू शकला असता, त्याचं श्रेय कोणाचं? काही खेळाडू हावरे असतात. शेजाऱ्याच्या ताटातलं उचलतात आणि आपला आकडा फुगवतात. रविवारभर विचार केला. (रविवारी मी काम करत नाही. विचार चालतो, असं धरलं.) शेवटी ठरवलं की असा चेंडू पकडला गेला तर श्रेय कोणालाच द्यायचं नाही. म्हणजे हाव धरण्यात काही फायदाच उरला नाही. न्याय्य वाटतं. झोप चांगली लागली.

२ जून

सिसिलियाचा आकडा वाईट आहे. मैदानाच्या डाव्या कडेच्या रेषेलगतचे फटके त्याच्या हाती लागत नाहीत. ते थेट कुंपणापर्यंत जातात आणि फलंदाज आरामात दुसऱ्या बेसवर जाऊन हातमोजे काढतो. कारण शोधायला आकडे नकोत, स्टँडच्या वरच्या खोलीच्या खिडकीतून बघितलं तरी दिसतं. तो रेषेपासून फार लांब, मधल्या माणसाच्या बाजूला उभा राहतो. परवा सरावाच्या वेळी मी स्वतः खाली जाऊन त्याला सांगितलं की रेषेकडे सरक. मैदानावर बोलायला नियमाची आडकाठी नाही. तो "हो" म्हणाला, सरकला. सामन्यात तिसऱ्या डावापर्यंत दावं सोडलेल्या गाईसारखा पुन्हा आपल्या जागी.

मधले चेंडू मात्र तो भरपूर पकडतो. ते सगळे दोघांच्या मधले, त्यामुळे पद्धतीप्रमाणे शून्य. मला हावरेपणाची शंका येते. घरी तो शेवटचा बटाटा कधी घेत नाही, पण घरचं निरीक्षण इथे वापरायचं नाही, म्हणून ते विचारात घेतलेलं नाही.

मधला आहे वेस्ली टेन हाकन. छत्तीस वर्षांचा, गावातलाच. बारा मोसम इथेच खेळला. चर्चमध्ये आमच्या पुढच्या बाकावर बसतो, आणि प्रवचन लांबलं की त्याची आई मागे हात करून आम्हाला पेपरमिंट देते. त्याच्या बाबतीत पक्षपात होऊ नये म्हणून त्याचा आकडा दोनदा काढला. दोन्ही वेळा शून्याच्या आसपास. म्हणजे सरासरी. या वयात सरासरी हे कौतुकच.

११ जून

आज गिल भांडी पुसत होता. एकदम म्हणाला, "मिस्टर लॉरेन, इथे खुब्याचा चांगला डॉक्टर कोण?"

"तुला काय झालं?"

"मला नाही. एका मित्राला. उजवीकडे वळताना त्याला त्रास होतो. तो कोणाला सांगत नाही."

"मित्र संघातला आहे?"

त्याने ताट दोन्ही बाजूंनी पुसलं. "हो."

"मग नियमात बसत नाही, गिल."

"खुबा चेंडूत येतो?"

"संघातला येतो."

"बरं," तो म्हणाला आणि ताट जागेवर ठेवलं. मी अंगणात पाणी घालायला गेलो. परत आलो तेव्हा ट्रूडी त्याला कागदावर कोणाचा तरी नंबर लिहून देत होती. तिला नियम लागू आहे की नाही हे आम्ही ठरवलं नव्हतं.

२२ जून

मॅनेजरनी बोलावलं होतं. डेल प्रुइट, वय चौसष्ट, सगळे त्यांना स्किप म्हणतात. ते सूर्यफुलाच्या बिया चघळतात आणि टरफलं कागदी पेल्यात थुंकतात. पेला भरला की समजायचं बैठक संपली.

"प्रोफेसर, बस. गुरुवारी आपल्याकडे आतल्या मैदानात खेळणारा एक नवा खेळाडू येतोय. एक जागा मोकळी करायची आहे. मागच्या तिघांपैकी एक जाणार. उजवीकडचा जाऊ शकत नाही, धावा तोच काढतो. राहिले दोन. आकडा काय म्हणतो?"

मी तीन पानं नेली होती. आकड्याची खात्री किती, शंका कुठे, नमुना किती अपुरा, सगळं मांडलं होतं.

"एका ओळीत," स्किप म्हणाले.

"सिसिलियामुळे आतापर्यंत आठ धावा गेल्या. वेस्लीमुळे एकही नाही."

"शंका?"

"बऱ्याच आहेत."

"त्या तुझ्याकडे ठेव."

त्यांच्या टेबलावर वेस्लीची बाहुली होती, स्प्रिंगवर मान डोलावणारी. घसरत झेल घेतानाची. अकरा जुलैच्या सामन्याला लवकर येणाऱ्या प्रेक्षकांना फुकट वाटायच्या आहेत. खोक्यांनी गोदाम भरलंय. स्किपनी बोलता बोलता तिला टिचकी मारली. बाहुली हो म्हणाली.

बाहेर पडताना माझ्या मनात आलं की बाहुल्या आल्या नसत्या तरी त्यांनी मला हाच प्रश्न विचारला असता का. मग वाटलं, आकडा काही बाहुल्यांमुळे बदललेला नाही. तो बरोबर असेल तर बरोबरच आहे.

२५ जून

सिसिलियाला काढलं. त्याच्या कपाटावर नाव लिहिलेली चिकटपट्टी होती, ती मी पोचलो तेव्हा निघालेलीही होती. स्किपनी गावच्या वर्तमानपत्राला सांगितलं, ‘हा निर्णय क्षेत्ररक्षणाच्या आधुनिक आकडेवारीवर आधारित आहे.’ माझं नाव नाही. आधुनिक आकडेवारी मी एकटाच आहे.

दुसऱ्या एखाद्या संघाने या महिन्याभरात घेतलं नाही तर त्याला देश सोडावा लागेल, कारण परवाना खेळापुरता आहे. एकतिसाव्या वर्षी परत गेलेल्याला पुन्हा कोणी बोलावत नाही. तिकडे त्याच्या भावाची बंदरात बोट आहे, मोठी जहाजं ओढणारी. भाऊ दरवर्षी विचारतो, कधी येतोस. पण वर्तमानपत्रातली ती ओळ लीगमधले सगळे मॅनेजर वाचणार.

संध्याकाळी गिलने फुंची केली, मक्याच्या पिठाची, घट्ट, वर मासे. त्याला आता मी मोजत नाही, तर मग नियम संपला का? या विचारात जेवण संपलं.

"मासे छान झालेत," मी म्हणालो.

"थँक्यू, मिस्टर लॉरेन."

ट्रूडी दिवसभर माझ्याशी एका शब्दात बोलतेय. त्यातले बरेच शब्द ‘सरक’ असे आहेत.

३० जून

डावीकडचा नवा माणूस मी सांगितलं तिथे उभा राहतो. अगदी खुणेवर. रेषेलगतचे फटके कमी झाले, हे नोंदवायला हवं. मात्र दुसरीकडे चेंडू पडू लागलेत, त्याच्या आणि वेस्लीच्या मधे. जे उन्हाळाभर आपोआप झेलले जात होते आणि ज्यांना मी शून्य देत होतो, ते आता गवतावर टप्पा खातात आणि वेस्ली त्यांच्या मागे धावतो. वेस्लीचा आकडा आठवड्यात असा घसरला की मी बेरीज पुन्हा केली.

पहिल्या सामन्यानंतर लिहिलं, ‘नमुना लहान आहे.’ दुसऱ्यानंतरही तेच लिहिलं. काल लिहायला घेतलं आणि पेन तसंच धरून बसलो.

आज दुपारी, फाटक उघडायच्या आधी, डावीकडच्या मैदानात चालत गेलो. खेळाडू रोज एकाच जागी उभे राहतात, तिथलं गवत झिजतं. वेस्लीची झिजलेली जागा होती. डावीकडची झिजलेली जागा तिच्याकडे इतकी सरकलेली होती की तिथून बोललेलं वेस्लीला ऐकू गेलं असतं. नवा माणूस उभा राहतो तिथे गवत अजून हिरवं आहे. मी सिसिलियाच्या त्या टकलावर थोडा वेळ उभा राहिलो. रेषा लांब वाटली. वेस्लीची उजवी बाजू मात्र सगळी समोर होती.

माळी ओरडला, "ओ साहेब, तिथे बी पेरलंय!"

बाजूला झालो.

२ जुलै

नियम मोडला. न्याहारीला, ट्रूडीसमोर.

"गिल, तू तिथे का उभा राहायचास?"

त्याने पावाला लोणी लावणं थांबवलं नाही. "आता विचारताय?"

"हो."

"मे महिन्यापासून वेस्लीचं उजवीकडचं पहिलं पाऊल गेलंय. खुबा. डावीकडे ठीक पळतो. म्हणून मी थोडा सरकलो. मग अजून थोडा."

"त्याने सांगितलं होतं?"

"छे! तो कशाला सांगतोय? आणि मी कशाला विचारतोय? ‘दादा, तुमचं पाऊल गेलंय का,’ असं विचारायचं?" तो हसला. "माझ्या बाजूने दोन फटके रेषेवरून जातील, पण मधून चार जाणार नाहीत. संघाचं भलं. एवढा हिशोब मलाही येतो."

"मग मला सांगायचं होतंस. घरात नाही तर मैदानावर."

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

मी खरं उत्तर शोधत होतो. ट्रूडीने आधी दिलं. "लिहून काढलं असतं."

"तेच ना," गिल म्हणाला. "मग वेस्ली गेला असता. त्याच्या बाहुल्या आल्यात."

म्हणजे बाहुल्यांचं त्यालाही माहीत होतं.

दिवसभर सगळं नव्याने मोजलं. दोघांच्या मधले चेंडू कोणाचेच नाहीत, हा माझा नियम काढून टाकला आणि डावीकडचा आणि मधला मिळून जोडीचा आकडा काढला. सिसिलिया असताना ही जोडी लीगमधल्या चांगल्या जोड्यांपैकी होती. तो गेल्यावर ती तळाला आहे. हा आकडा पक्का आहे. पण त्यातलं किती गिलचं आणि किती वेस्लीचं, हे मी कितीही कागद खर्चले तरी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. आधी सांगितलं होतं, एका ओळीत.

३ जुलै

स्किपकडे गेलो. जोडीचा आकडा दाखवला. त्यांनी तो पूर्ण वाचला, हे पहिल्यांदाच.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"प्रोफेसर, मी चाळीस वर्षं बाकावर बसून दुसऱ्यांचे पाय बघतोय. गिल सरकला त्या दिवशी मला दिसलं."

"मग त्याला का काढलंत?"

"वेस्लीला काढून दोन हजार बाहुल्या कोणाच्या म्हणून वाटू? मालक मला वाटेल. कोणीतरी जाणार होतं. कारण हवं होतं. तू आणलंस, व्यवस्थित टाइप करून." त्यांनी पेल्यात थुंकलं. "वाईट वाटून घेऊ नको. तुझा आकडा नसता तर मी वाऱ्याचं कारण दिलं असतं."

मी विचारलं की गिलबद्दल दुसऱ्या संघाने चौकशी केली तर खरं सांगू का. म्हणाले, "सांग की. पोरगा चांगला आहे. पण थोडक्यात सांग."

६ जुलै

चौकशी आली. पोर्ट ऑर्डवेच्या मॅनेजरची. त्यांचा डावीकडचा माणूस जखमी झालाय, सिसिलियाचं नाव ऐकलंय, पण वर्तमानपत्रात आलेल्या आकड्याचं काय?

थोडक्यात जमलं नाही. ‘तो आकडा चुकीचा आहे’ एवढंच लिहून पाहिलं. पण का चुकीचा, हे सांगितल्याशिवाय ते मित्राची शिफारस केल्यासारखं वाटतं, आणि तो माझ्या घरात राहतो हेही सांगणं भाग होतं. तेही सांगितलं. चार पानं झाली. शेवटी मैदानाचं चित्र जोडलं. सिसिलिया कुठे उभा राहायचा, कुठले चेंडू त्याने पकडले, तो गेल्यावर कुठले पडतात. पडणारे चेंडू लाल रंगात.

ट्रूडीने खांद्यावरून पाहिलं. "चित्र कशाला?"

"त्याशिवाय अर्धवट वाटतं."

"लॉरेन, हे गिलबद्दल आहे ना?"

"सगळं गिलबद्दलच आहे."

ती चित्राकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "लाल रंग छान उठलाय," आणि झोपायला गेली. तिचं कौतुक मिळालं की मला बरं वाटतं. पाठवून दिलं.

८ जुलै

पोर्ट ऑर्डवेचं उत्तर. ‘सिसिलियाला घेतोय, उद्याच पाठवा. असं सविस्तर आणि प्रामाणिक पत्र या धंद्यात पहिल्यांदा वाचलं. चित्राबद्दल विशेष आभार. शनिवारी भेटूच.’

गिलला वाचून दाखवलं. त्याने ट्रूडीला उचलून स्वयंपाकघरात गोल फिरवलं. माझ्याशी मात्र हात मिळवला. मग विचारलं, "चित्र कसलं?"

"तू कुठे उभा राहायचास त्याचं."

"फक्त माझं?"

मी म्हणालो, "मुख्यतः."

तो बॅग भरायला खाली गेला. मला समाधान वाटतंय. चूक झाली होती, ती आकड्यांनीच दुरुस्त केली. शनिवारी सामना पोर्ट ऑर्डवेशीच आहे, बाहुल्यांचा. गिल परत दिसेल.

१२ जुलै, रविवार

कालचं लिहितोय.

स्टँड भरलेला होता. प्रत्येकाच्या मांडीवर वेस्ली. लोक पाय हलवत होते, त्यामुळे सगळे वेस्ली हो हो म्हणत होते.

पोर्ट ऑर्डवेचा पहिला फलंदाज आला आणि त्याने चेंडू डावीकडच्या आणि मधल्याच्या मधोमध टाकला. वेस्ली निघाला, पण एक पाऊल उशिरा. दुसऱ्याने तिथेच मारला. तिसरा डावखुरा, एरवी उजवीकडे ओढून मारणारा. त्याने बॅट उशिरा आणून मुद्दाम तिकडेच ढकलला. मी चौकोनात खुणा करत होतो. चौथ्या खुणेला माझ्या लक्षात आलं की हा कागद मी आधी पाहिलाय. लाल रंगात.

वेस्ली प्रत्येक चेंडूमागे धावला. जमत नाही म्हणून एकदाही थांबला नाही. गाव आधी ओरडत होतं, मग टाळ्या वाजवत होतं, मग गप्प झालं. स्किपनी पाचव्या डावानंतर त्याला बाकावर बसवलं. टोपी काढून बसला.

त्याआधी वेस्लीने एक फटका चांगला मारला होता, डाव्या रेषेवर. गिल रेषेलगतच उभा होता. त्यांचा मधला तरुण आहे, त्याला मदत लागत नाही. गिल घसरत गेला आणि जमिनीपासून टीचभर वर चेंडू उचलला. सगळ्यांच्या मांडीवर होती तीच झेप. लोकांना टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना. पद्धतीप्रमाणे पूर्ण श्रेय सिसिलियाचं, ते दिलं.

सामन्यानंतर त्यांची बस सुटायच्या आधी गिल घरी आला. त्याचे पावसाळी बूट राहिले होते. आत आला नाही, दारातच उभा राहिला.

"तुमचं चित्र आमच्या संघाच्या खोलीत भिंतीवर लावलंय," तो म्हणाला. "परवा गेल्या गेल्या पाहिलं. सुंदर काढलंय, मिस्टर लॉरेन."

ट्रूडी बूट घेऊन आली.

"वेस्ली मला मघाशी बसपाशी भेटला," गिल म्हणाला. "त्याने विचारलं, ‘गिल, तू सांगितलंस ना त्यांना?’"

"तू काय म्हणालास?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? नाही म्हणायचं होतंस! तू नाही सांगितलंस. मी सांगितलं."

"मला आता त्याच्या शेजारी उभं राहावं लागत नाही," गिल म्हणाला. "तुम्हाला दर रविवारी त्याच्या मागे बसायचंय."

ट्रूडीने त्याला बूट दिले, वर बदामाच्या पेस्ट्रीची पिशवी दिली. त्याने तिला मिठी मारली. बसचा हॉर्न वाजला आणि तो पळत गेला.

आज वेस्ली चर्चमध्ये होता. आईला बाकावर बसवताना त्याने भिंतीचा आधार घेतला. मागे वळून म्हणाला, "मॉर्निंग, लॉरेन. पोरावर आपण किती जीव लावला, नाही? पण चालायचंच. आता तो त्यांचा माणूस आहे."

मी "वेस्ली" म्हणालो. तेवढ्यात ऑर्गन सुरू झाला. चार कडव्यांचं स्तोत्र होतं, आणि चौथ्यानंतर माझी हिंमत उरली नव्हती.

दुपारी बसून सगळं क्रमाने लिहून काढलं. माझी पद्धत, माझा नियम, स्किपचा प्रश्न, पोर्ट ऑर्डवेचं पत्र, कोणाला काय कधी माहीत होतं. रविवार असूनही. ट्रूडीने येऊन पानं मोजली.

"हे कोणासाठी?"

"वेस्लीसाठी. खुलासा. म्हणजे त्याचा गैरसमज राहायला नको."

"चित्र आहे?"

"एक. लहान."

तिने पानं उचलली, एकावर एक नीट लावली आणि स्वयंपाकघरातल्या खालच्या खणात, जिथे जुन्या दोऱ्या असतात तिथे ठेवली. मी ती परत काढली नाहीत, हे स्वतःच्या बाजूने नोंदवतो. नक्की बाजूने आहे का, ते सांगता येत नाही.

उद्या: न्याहारीआधी वेस्लीकडे जायचं, कागद न घेता.